तिकडे मारला तो आऊट

ईरा आणि निहार, मागच्या महिन्यात फोनवर तुम्ही मला तुमच्या शाळेची सहल दाखवलीत. गुडघाभर गवतात तुम्ही रांगेने उभे होतात, हातात बियांच्या पिशव्या होत्या. तुमच्या बाई सांगत होत्या की इथे पूर्वी नजर जाईल तिथपर्यंत गवत होतं, त्यात गव्यांसारखी मोठाली जनावरं चरायची, मग सगळं नांगराखाली गेलं आणि आता आपण ते थोडं थोडं परत आणतोय. तेवढ्यात निहारने विचारलं, "आजी, तू रिटायर झालीस ना? मग रोज उन्हात कुठे जातेस?" मी म्हटलं, तुम्ही करता आहात तेच करायला. तुम्ही दोघं हसलात. तिकडे झोपायची वेळ झाली होती, आईने फोन काढून घेतला आणि माझं उत्तर अर्धवट राहिलं. इथल्या एका दिवाळी अंकाने कामाच्या आठवणी मागितल्या, तेव्हा ठरवलं की उरलेलं उत्तर त्यातच देऊन टाकावं. आई वाचून दाखवेल. तिचाही मराठी वाचनाचा सराव राहील.

मी रत्नागिरीच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवलं, तेही इंग्रजीतून. निवृत्त झाल्यावर इथल्या एका छोट्या संस्थेने विचारलं की आसपासच्या गावांतल्या तरुण मुलांना घेऊन सड्यांचं काम कराल का. मला वाटलं, शिकवणं तर येतं, सडा पायाखालचा आहे, अवघड काय असणार?

सडा म्हणजे आमच्या गावाच्या डोक्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. मे महिन्यात त्यावर चप्पल घालून चाललं तरी तळवे भाजतात. पाहुणे वर येतात, कमरेवर हात ठेवतात आणि म्हणतात, केवढी ओसाड जागा! पण पावसाळ्यात याच कातळावर बोटभर मातीत गवत येतं, गेंद नावाच्या रानफुलांची पांढरी बटणं फुलतात, डबक्यांत बेडूक होतात. दसऱ्याच्या सुमाराला सगळं सोनेरी होतं. त्या गवतात ससे असतात, चंडोल असतात, संध्याकाळी कोल्हा दिसतो. तुमच्या त्या सहलीतल्या गवताळ रानाचं, प्रेअरीचं, हे गरीब, दगडावर वाढलेलं भावंड समजा.

आमचं काम साधं आहे. बी झडेपर्यंत गवत जाळू द्यायचं नाही, जेसीबीने खरवडलेल्या जागी तिथलंच बी पेरायचं, आणि चांगल्या मनाने लावलेली परकी झाडं तितक्याच चांगल्या मनाने उपटायची. या शेवटच्या कामात माणसं फार दुखावतात. मुंबईहून सुट्टीला आलेल्या एका गृहस्थांनी वडिलांच्या स्मरणार्थ टेम्पोभर रोपं सड्यावर आणून उतरवली होती. मी त्यांना समजावलं की इथे झाड लावणं म्हणजे भाताच्या खाचरात नारळ लावण्यासारखं आहे. ते म्हणाले, "बाई, तुम्ही बॉटनीच्या ना? आणि झाडांच्या विरुद्ध?" शेवटी रोपं शाळेच्या आवारात लागली, वडिलांच्या नावाची पाटीही लागली, पण ते गृहस्थ अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

पण खरं अवघड निघालं ते मुलं गोळा करणं. मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर 'जैवविविधता संवर्धन शिबिर' अशी सुवाच्य सूचना लावली. दोन मुली आल्या, त्यांना प्रमाणपत्र हवं होतं. एक तरुण ही सरकारी भरती आहे समजून कागदपत्रं घेऊन आला. एक निवृत्त बँकवाले आले आणि आपल्या मधुमेहाबद्दल बोलत बसले. त्या सकाळी सर्वांत जास्त लक्ष देऊन ऐकलं ते मीच.

मुलं सापडली ती सड्यावरच. एका संध्याकाळी मी गवताचे नमुने बघत बसले होते, तर शेजारी धप्पकन चेंडू पडला आणि मागून पोरं धावत आली. खाली गावात कुणबीवाडी वेगळी, बौद्धवाडी वेगळी, मोहल्ला खाडीच्या कडेला, आणि आंब्याच्या बागा राखणारी नेपाळी कुटुंबं बागेतल्या खोपटांत. लग्नकार्य सोडलं तर एकमेकांच्या अंगणात फारसं जाणं नाही. पण क्रिकेट खेळण्याजोगी सपाट जागा गावाला एकच, त्यामुळे सड्यावर सगळे एका पिचवर.

त्यांचा कप्तान मोहल्ल्यातला साजिद. वडिलांचा मासळीचा टेम्पो चालवतो. बौद्धवाडीतली प्रणाली कॉलेजात विज्ञान शाखेला, भावासाठी धावा मोजायला म्हणून आली आणि अंपायरशी भांडायला कायमची राहिली. तिसरी मनीषा थापा. तिचे वडील आंब्याच्या बागेत राखणदार आहेत. तिचा जन्म रत्नागिरीचा, आणि तिचं मराठी, रागावू नका, तुमच्यापेक्षा शंभर पटींनी चांगलं आहे.

मी त्यांना विचारलं, या तुमच्या मैदानात कोण कोण राहतं? साजिद म्हणाला, "काय नाय, बाई. दगड हायत नि आमी हाव." मनीषाने त्याला वेड्यात काढलं आणि सशाची जागा सांगितली. मग दुसऱ्याने घोरपडीचं बीळ सांगितलं, तिसऱ्याने चंडोलाचं घरटं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हरवलेला चेंडू शोधणारी मुलं गवत जितकं बारकाईने बघतात तितकं कुणीच बघत नाही. शिबिराची पाटी मी दुसऱ्याच दिवशी काढली. पुढचे सगळे वर्ग मॅच संपल्यावर, स्टंपांशेजारी बसून झाले.

आता अण्णा. अण्णा गावकीचे प्रमुख, आणि सड्याच्या उतारावरची हापूसची मोठी बाग त्यांची, मनीषाचे वडील राखतात तीच. दर पौषात ते सड्यावरचं वाळलेलं गवत स्वतःहून जाळून घ्यायचे. कारण सरळ होतं. पुढे फाल्गुनात कुणाच्या विडीने वणवा लागला तर बाग जाईल, त्यापेक्षा आधीच जाळलेलं बरं. यात मूर्खपणा नव्हता, म्हणून तर त्यांच्याशी वाद घालणं कठीण होतं. पण तिन्ही मुलं त्यांच्याकडे गेली आणि म्हणाली की बागेच्या कडेने रुंद पट्टा आम्ही कापून साफ करतो, पाळीपाळीने लक्ष ठेवतो, बाकीचं गवत तेवढं राहू द्या.

अण्णांनी आधी सुपारी कातरून संपवली. मग म्हणाले, "एक वरीस. मिरगाच्या आत ह्या गवतात जल्मलेलं एक तरी पिल्लू मला डोळ्यानं दावा. नाय दावलंत, तर पुढल्या पौषात काडी मी लावनार, नि मंग हा इषय माज्याकडं कुनी काढायचा नाय."

मिरग म्हणजे जूनची सुरुवात. तोवर एक पिल्लू. मुलांनी तिथल्या तिथे कबूल केलं.

पौष-माघात मुलांनी पट्टा कापला. त्यातलं गवत अण्णांच्याच माणसांनी आंबे पिकत घालायला नेलं. वणवा लागला नाही. आणि चैत्रात माळटिटवीने अंडी घातली. ही नेहमीच्या टिटवीची धाकटी बहीण, डोक्यावर काळी टोपी, चोचीशी पिवळी झालर, काटक्यांसारखे पिवळे पाय. घरटं म्हणजे कातळावरचा एक उथळ खळगा आणि थोडे खडे. अंडीही खड्यांच्याच रंगाची. ती उघड्यावर बसते, पण पिल्लांना लपायला आणि किडे टिपायला गवताचे बुंधे लागतात. म्हणजे अण्णांना दाखवायला याहून चांगलं काही नव्हतं. मुलांनी फोटो काढले, गुरांना दुसऱ्या वाटेने वळवलं, आणि मी निर्धास्तपणे भाचीच्या लग्नाला खेडला गेले.

परत आले तर स्टँडवर साजिदचा टेम्पो उभा. मला पुढे बसवून, लग्नातल्या लाडवांच्या डब्यासकट, थेट सड्याच्या चढणीवर. मुलांनी काहीतरी केलं होतं आणि ते मला घरी जाण्याआधी दाखवायचं होतं.

कोकणी माणसाला एखादी गोष्ट आपली वाटली की तो पहिल्यांदा तिला गडगा घालतो. गडगा म्हणजे मातीचुन्याशिवाय, दगडावर दगड बसवून रचलेली बुटकी भिंत. बागेला गडगा, परड्याला गडगा. भाऊ वेगळे झाले की आधी गडगा उभा राहतो, मग चूल वेगळी होते. तर मुलांनी टिटवीच्या अंड्यांभोवती गडगा घातला होता. गुडघाभर उंच, छान गोल, एकही दगड हलत नव्हता. पूर्वेला येण्याजाण्यासाठी फट ठेवली होती, आणि गुरं शिरू नयेत म्हणून तिला बागेसारखं आडव्या काठीचं बेडंसुद्धा होतं.

मी विचारलं, "टिटवी कुठाय?"

"येईल की," प्रणाली म्हणाली. "पाणी प्यायला गेल्ये."

आम्ही लांब जाऊन बसलो. टिटवी खरंच पाण्यावर गेली होती. उन्हाळ्यात ती पोटाची पिसं भिजवून आणते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. अण्णांच्या बागेतल्या हौदाची गळती हे तिचं पाणी भरायचं ठिकाण. ती ओल्या पोटाने तुरुतुरु आली आणि गडग्यापाशी थांबली. एका बाजूने गेली, दुसऱ्या बाजूने गेली. फटीशी आली, मान उंच केली, मागे सरली. या पक्ष्याकडे दुसरं हत्यार नाही. उघड्यावर बसायचं, लांबून धोका बघायचा, गुपचूप उठून दूर पळायचं आणि तिकडून ओरडून शत्रूला चुकवायचं. आत बसली असती तर तिला फक्त दगड दिसले असते. ती बाहेर उभी राहिली. पोट वाळलं. ती पुन्हा हौदाकडे उडाली, भिजून आली, पुन्हा उभी राहिली.

आधी साजिद उठला आणि वरचा दगड काढायला लागला. मग सगळेच धावले, आणि दोन दिवसांत हौसेने रचलेला गडगा बघता बघता मोकळा झाला. पण त्या दोन दिवसांत त्या भिंतीवर कावळे बसायला शिकले होते, आणि बसल्यावर त्यांना खाली काय आहे ते दिसलं होतं. सकाळी गेलो तर खळग्यात टरफलं होती.

प्रणालीला भांडायला दुसरं कुणी सापडेना, तेव्हा ती माझ्याशी भांडली. "तुम्हाला लग्नाला जायची काय गरज होती, बाई?" मी लाडवांचा डबा उघडून मध्ये ठेवला. कुणी हात लावला नाही. दोन मुलं त्या दिवसापासून यायची बंद झाली. अण्णांचा निरोप संध्याकाळपर्यंत आला, तोही मनीषाच्या वडिलांकडून, "पोरांनी गडगा ब्येस रचलाय म्हनं. पाखरू नसंल तर गडगा तरी दावा."

मी त्यांना सांगितलं की अंडी गेली तर टिटवी पुन्हा घालते, जागा बदलते, वाट बघा. त्यांचा विश्वास बसला नाही. खरं सांगायचं तर पुस्तकातलं वाक्य आणि समोरची टरफलं यात माझाही विश्वास पुस्तकावर पूर्ण नव्हता.

थोड्या दिवसांनी मनीषाने फोनवर आवाज पाठवला. चेंडू शोधायला गेली होती. अगदी दबक्या आवाजात, "बाई, हितंच घातलान. डीप मिडविकेटला. साजिदला सांगा, दगड आनू नको."

डीप मिडविकेटला म्हणजे मैदानाच्या सीमेवर. आणि मे महिना आलेला. मे महिन्यात मुंबईचे चाकरमानी घरी येतात आणि सड्यावर टूर्नामेंट होते, मांडव पडतो, लाऊडस्पीकर लागतो, पाच-सहा गावांचे संघ येतात. पिच हलवावं तर दुसरी सपाट जागा नाही. टूर्नामेंट रद्द करा असं मी म्हटलं असतं तर गावात राहणं कठीण होतं, आणि ते योग्यही नव्हतं. त्या खेळामुळेच तर ही मुलं मला मिळाली होती.

साजिदने नियम काढला. त्या बाजूला चेंडू गेला की दोन धावा फुकट, तिकडे कुणी फील्डर जाणार नाही, चेंडू खेळ संपल्यावर आणायचा. सगळ्यांना पटलं, मलाही. सरावाला सुरुवात झाली आणि पहिल्या ओव्हरपासून जो तो मिडविकेटला झोडपायला लागला. फुकटच्या दोन धावा कोण सोडणार? टिटवीभोवती चेंडूंचा पाऊस.

प्रणालीने खेळ थांबवला. "साजिद, मेल्या, तू तिला वाचवतोस का तिच्यावर बक्षीस लावतोस?"

साजिदने जरा विचार केला आणि नियम उलटा फिरवला. तिकडे मारला तो आऊट.

मुंबईच्या संघाच्या कप्तानाला हे मुळीच मान्य नव्हतं. तो म्हणाला, असला रूल जगात कुठे नाही. "जगात नसंल," साजिद म्हणाला. "सड्यावर हाय. खेळायचं तर खेळ." ते खेळले. पहिल्या दिवशी तीन जण तसे बाद झाले आणि टिटवीच्या सात पिढ्या उद्धारत परतले. दुसऱ्या दिवसापासून प्रेक्षकच ओरडायला लागले, "तिकडं नको, तिकडं नको!" लोकांनी तोंडाने कितीही शिव्या घातल्या तरी त्यांचे डोळे तिकडे लागले होते, हे मला मांडवात बसून दिसत होतं. टिटवी मात्र लाऊडस्पीकरवरची गाणी ऐकत शांत बसून होती.

फायनल आमचं गाव विरुद्ध मुंबईकर. शेवटची ओव्हर, साजिद खेळतोय, आणखी एक चांगला फटका बसला की कप आमचा. गोलंदाजाचा चेंडू सुटला तो सरळ पायावर, फुलटॉस. मला क्रिकेटमधलं फार कळत नाही, पण अशा चेंडूवर बॅट आपोआप फिरते म्हणतात. ती फिरली. चेंडू उंच गेला, टिटवीच्या डोक्यावरून सीमेपार पडला. मांडव उठून नाचायला लागला. अंपायरने दोन्ही हात वर करावेत की एक बोट वर करावं हे न कळून साजिदकडेच पाहिलं.

साजिदने बॅट काखेत घेतली आणि चालायला लागला. आमच्याच गावची माणसं त्याच्या अंगावर धावून आली. सिक्सर आहे, रूल तूच केलास, तूच मोड. एक जण म्हणाला, "पाखराच्या पायी कप घालवलास." साजिद त्याला म्हणाला, "माज्यासाठी मोडला तर उद्या कोन पाळील?" माझ्याजवळून जाताना त्याने एवढंच सांगितलं की तो चेंडू आणायला कुणाला पाठवू नका, राहू दे तिकडे.

कप मुंबईला गेला.

मिरग तोंडावर आला तेव्हा एका सकाळी मनीषाला अंड्याला तडा गेलेला दिसला. लगेच अण्णांना निरोप गेला. पण अण्णा म्हणजे एकटे येणारे नव्हेत. आंघोळ, पूजा, मग बरोबर चार माणसं, असं करत ते पोचले तोवर ऊन चढलं होतं आणि खळगा रिकामा होता. टिटवीची पिल्लं अंगावरची लव वाळली की चालायला लागतात, घरट्यात थांबत नाहीत. हे मला माहीत होतं, फक्त अण्णांची पूजा किती चालते ते माहीत नव्हतं.

अण्णा पुढे झाले, खळग्यात वाकून बघितलं. "काय दावताव मला? खडी?"

त्यांच्या बरोबरची माणसं हसली. आमच्या मुलांचे चेहरे पडले. तेवढ्यात टिटवीने अण्णांच्या डोक्यावर ओरडत झेप घेतली, पुन्हा वळली, पुन्हा आली. अण्णांनी छत्री वर केली आणि एक पाऊल मागे टाकायला पाय उचलला.

"अण्णा, पाय टेकू नका," प्रणाली म्हणाली.

"का?"

"पायाजवळ हाय."

अण्णा एका पायावर. साजिदने चटकन खांदा पुढे केला, अण्णांनी त्यावर हात टेकला. सगळे खाली बघायला लागले. कातळ, खडे, वाळलेल्या गवताचे बुंधे, दुसरं काही नाही. आणि मग अण्णांच्या चपलेलगतच्या एका खड्याने डोळा मिचकावला.

"देवा महाराजा," अण्णा हळूच म्हणाले. मग मागे वळून न बघता आपल्या माणसांवर खेकसले, "कोन हलू नका रे."

दुसरं पिल्लू छत्रीच्या टोकाशी होतं. तिसरं-चौथं कुठे होतं देव जाणे, आणि प्रश्न तोच होता. पाय टेकायला एक मोकळी जागा मनीषाने दाखवली, पण पुढे? उन्हाने अण्णांचं टक्कल चमकायला लागलं, वर टिटवी शिव्या देतच होती. अण्णा म्हणाले, "आता मी जाऊ कसा?"

"मी सांगते तिथं पाय ठेवा," मनीषा म्हणाली. ती ओणवी झाली, हाताने गवत बाजूला करत एकेक पाऊलभर जागा तपासत निघाली. तिच्या मागे अण्णा, साजिदच्या खांद्यावर हात, जिथे तिने बोट ठेवलं तिथेच चप्पल ठेवत. त्यांच्या मागे त्यांची चार माणसं, एकामागोमाग एक, श्वास रोखून. मनीषाचे वडील बागेच्या कडेला उभं राहून बघत होते. आपली मुलगी मालकांना कुठे पाय ठेवा ते सांगते आहे आणि मालक ऐकताहेत, हे बघून त्यांनी काय करावं ते न सुचून हातातली काठी या हातातून त्या हातात घेतली.

बागेशी पोचल्यावर अण्णांनी घाम पुसला, वळून सड्याकडे पाहिलं. "म्हंजे आजवर मी कशाकशावर चाललो आसंन," ते म्हणाले. कुणाला उद्देशून नाही. मला बरीच लॅटिन नावं सांगता आली असती.

पावसाळ्यात उडताना आम्हाला एकच पिल्लू दिसलं. बाकीच्यांचं काय झालं माहीत नाही. आमच्या कामात बेरीज अशीच असते. चिपळूणच्या वाटेवरच्या एका सड्यावर अशीच मुलं जमली होती, गवतही राखलं होतं, आणि एका आठवड्यात जेसीबीने सगळं सपाट झालं. ती मुलं मला अजून दिसतात, नमस्कार करतात, पण सड्याचा विषय काढत नाहीत. मीही काढत नाही.

अण्णांनी पुढच्या वर्षाबद्दल त्या दिवशी अवाक्षर काढलं नाही. गणपती गेले, दिवाळी झाली, गवत वाळलं, तरी नाही. मुलांनी कबूल केल्याप्रमाणे पट्टा कापला आणि ती वाट बघत राहिली. मग पौषात शांताराम, जो दर वर्षी अण्णांच्या सांगण्यावरून गवत जाळायचा, जाळायचा दिवस विचारायला त्यांच्याकडे गेला. अण्णा म्हणाले, "मला काय इचारतोस? पोरांना इचार."

शांतारामला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. सड्याचं काय करायचं हे आमच्या गावात बौद्धवाडीला, मोहल्ल्याला किंवा राखणदाराच्या मुलीला आजवर कुणी विचारलं नव्हतं. पण अण्णांचा शब्द. तो काडेपेटी खिशात घालून निघाला आणि वाटेवरचं पहिलं घर म्हणून प्रणालीकडे गेला. तिने त्याला ओटीवर बसवलं, चहा दिला, त्याचं म्हणणं ऐकून घेतलं.

"मी एकटी कशी सांगू, काका?" ती म्हणाली. "मनीषाला नि साजिदला विचारते, मग सांगते."